गावातल्या इंटरनेट जोडणीवर पुरवठादाराची नजर: ती जाहिरातींसाठी वापरली जाऊ नये म्हणून काय करावे

यवतमाळ, वाशीम, अमरावती किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत इंटरनेट मुख्यतः दोन वाटांनी येते: मोबाइलच्या सिमकार्डातून, नाहीतर तालुक्याच्या केबलवाल्याने खांबाखांबांवरून घरापर्यंत ओढून आणलेल्या फायबरमधून. वाट कोणतीही असो, घरातला फोन जे काही उघडतो त्याची मागणी सर्वांत आधी पुरवठादाराच्या यंत्रणेतून जाते. एखादे ॲप पटले नाही तर ते काढून टाकता येते आणि शोधयंत्रही बदलता येते. पुरवठादार बदलायचा म्हटला तर मात्र अनेक गावांत धड रेंज एखाद्याच कंपनीची असते आणि फायबर एकाच माणसाचे. ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतो याची नोंद ठेवून तिच्या जोरावर जाहिराती विकण्याची सोय पुरवठादाराकडे असते ती यामुळेच. ती नजर कुठवर पोहोचते आणि आपल्या हातातल्या फोनवरून ती किती कमी करता येते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पुरवठादाराला नेमके काय दिसते

तुम्ही हवामानाचा अंदाज पाहण्यासाठी एखादे संकेतस्थळ उघडता, तेव्हा फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो की या नावाचा आकडी पत्ता कोणता. नेहमीच्या पद्धतीत हा प्रश्न उघड्या अक्षरांत जातो, आणि तो ज्या सर्व्हरकडे जातो तो बहुधा पुरवठादाराचाच असतो. त्यानंतर प्रत्यक्ष जोडणी होते. एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत, असलेल्या संकेतस्थळाशी जोडणी होतानाही पहिल्याच संदेशात संकेतस्थळाचे नाव सहसा उघडे राहते. पुढचे सगळे कुलूपबंद असते: तुम्ही कोणते पान वाचले, शोधपट्टीत काय लिहिले, पासवर्ड कोणता टाकला, यांतले काहीही पुरवठादाराला वाचता येत नाही. बाजार समितीच्या फाटकावर नोंदवही घेऊन बसलेल्या माणसाला गाडी कोणाची, किती वाजता आली, कोणत्या अडत्याकडे गेली आणि किती भरलेली होती हे कळते, आत भाव काय ठरला हे कळत नाही. पुरवठादाराची स्थिती जवळजवळ तशीच आहे.

पण एवढीच नोंद माणसाची बरीचशी गोष्ट सांगून जाते. पेरणीच्या तोंडावर रात्री उशिरा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची नावे, सलग काही दिवस नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाचे संकेतस्थळ, वंध्यत्वावरील उपचारांचे संकेतस्थळ, स्थळे जुळवणारे संकेतस्थळ: यांतले एकही पान उघडून वाचावे लागत नाही, नावच पुरते. त्यातून गावाकडे एका घरात एकच वायफाय असते आणि एकच फोन दोघांतिघांच्या हातांत फिरतो. सुनेने एकटीने, कोणाला न सांगता शोधलेल्या गोष्टीची जाहिरात सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर येऊ शकते. हा प्रश्न केवळ कंपनी आणि ग्राहक यांच्यातला राहत नाही, घरातल्या माणसांच्या मानापर्यंत पोहोचतो, आणि म्हणूनच तो हलक्यात घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. फोनवर दिसणाऱ्या बहुतेक जाहिराती गूगल, फेसबुक आणि निरनिराळ्या ॲपनी स्वतः गोळा केलेल्या माहितीवरून येतात. त्यांचे उपाय वेगळे आहेत. पुरवठादाराची नोंद मात्र कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसल्याने जात नाही आणि ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीने थांबत नाही, कारण त्या खिडकीने एवढेच होते की तुमच्या फोनमध्ये इतिहास साठत नाही, बाहेर जाणाऱ्या मागण्या तशाच जातात. शिवाय जाहिरात कंपनीला तुम्ही कोण हे ताडावे लागते. पुरवठादाराकडे तुमचे नाव, पत्ता आणि ओळखपत्र सिम घेतले त्याच दिवशी जमा झालेले असते.

ही भीती कागदी नाही, हे सांगण्यासाठी तीनच उदाहरणे पुरेत. ब्रिटनमध्ये बीटी या कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या कंपनीची जाहिरात यंत्रणा हजारो ग्राहकांवर त्यांना न सांगता चालवून पाहिली होती, ते २००८ मध्ये उघड झाले. अमेरिकेत व्हेरायझनने २०१२ पासून मोबाइल ग्राहकांच्या उघड्या वेबमागण्यांना एक न पुसता येणारा ओळखक्रमांक चिकटवला. त्याबद्दल तिथल्या दूरसंचार आयोगाने मार्च २०१६ मध्ये १३.५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडे २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला, मोबाइल इंटरनेटवरून उघडलेल्या आपल्याच संकेतस्थळाच्या पानात बाहेरून घुसवलेला संगणकीय मजकूर सापडला होता. शेवटची दोन्ही उदाहरणे एचटीटीपीएस नसलेल्या पानांतली आहेत, आणि त्यातूनच पहिला उपाय निघतो.

उघडी पाने बंद करा

क्रोम ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या भागात नेहमी सुरक्षित जोडणी वापरण्याचा पर्याय असतो. तो चालू करावा. फायरफॉक्समध्ये हीच सोय एचटीटीपीएस ओन्ली मोड या नावाने २०२० पासून आहे. यानंतर एखादे जुने, कुलूप नसलेले संकेतस्थळ उघडताना ब्राउझर आधी इशारा देतो. काही जुन्या, कोणी लक्ष न दिलेल्या संकेतस्थळांवर हा इशारा अजून भेटतो. नुसती माहिती वाचायची असेल तर पुढे जाण्यास हरकत नाही, पण अशा पानावर आधार क्रमांक, सातबाऱ्याचा तपशील किंवा बँक खाते कधीही भरू नये.

डीएनएस बदला: सर्वांत उपयोगी पाऊल

अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ नंतरच्या बहुतेक फोनमध्ये, डीएनएसचा प्रश्न कुलूपबंद करून तुमच्या पसंतीच्या सर्व्हरकडे पाठवण्याची सोय आहे. तिचे नाव मराठी फोनमध्ये खाजगी डीएनएस आणि इंग्रजी फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस असे दिसते. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही जागा निराळी असते. सॅमसंगमध्ये ती कनेक्शनच्या आणखी सेटिंग्जमध्ये सापडते, इतर बऱ्याच फोनमध्ये कनेक्शन आणि शेअरिंग किंवा नेटवर्क आणि इंटरनेट या भागात. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत डीएनएस ही तीन अक्षरे इंग्रजीत टाकणे सोपे पडते.

तेथे तीन पर्याय दिसतात: बंद, आपोआप आणि (डीएनएस सेवा देणाऱ्या) पुरवठादाराचे होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचे नाव. बहुतेक फोन आपोआपवर असतात आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झालेले आहे. ते झालेले नसते. आपोआप या पर्यायात फोन, जोडणीने दिलेल्या सर्व्हरशीच जमल्यास कुलूप लावून बोलतो. म्हणजे वाटेतला तिऱ्हाईत दूर राहतो, पण प्रश्न तुमच्या पुरवठादाराच्याच हाती पडतो. तिसरा पर्याय निवडून सर्व्हरचे नाव स्वतः लिहिले तरच उपयोग होतो.

माझी पसंती क्वाड नाईन या डीएनएस सेवेला आहे. ती ना-नफा संस्था चालवते, तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे, ग्राहकांचे आयपी पत्ते (जोडणीचे आकडी पत्ते) नोंदवून ठेवत नाही असे तिचे जाहीर धोरण आहे, आणि फसवणुकीची म्हणून ओळखली गेलेली संकेतस्थळे ती उघडूच देत नाही. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या खोट्या लिंक पाहता हा शेवटचा फायदा गावाकडे फार मोलाचा आहे. नाव लिहिताना कीबोर्ड इंग्रजी करावा आणि ही अक्षरे ओळीने टाकावीत: डी, एन, एस, टिंब, क्यू, यू, ए, डी, नऊचा आकडा, टिंब, एन, ई, टी. सगळी अक्षरे लहान लिपीतली असावीत. नऊचा आकडा इंग्रजी असला पाहिजे. मराठी कीबोर्डवरचा ९ पडला तर फोन नाव स्वीकारत नाही आणि चूक डोळ्यांना पटकन दिसतही नाही. कीबोर्ड कधी कधी शब्द संपल्यावर आपोआप रिकामी जागा सोडतो. जतन करा हे बटण दाबले जात नसेल तर शेवटची ती जागा खोडून पाहावी. येथे क्वाड नाईनचा ९.९.९.९ हा आकडी पत्ता चालत नाही, नावच लागते. क्लाउडफ्लेअरची सेवा वापरायची असेल तर इंग्रजीत वन हा शब्द चार वेळा, मध्ये टिंब देऊन, अक्षरांत लिहावा.

जतन केल्यावर ब्राउझरमध्ये क्वाड नाईनचे तपासणीचे पान उघडावे. त्याच्या पत्त्यात डीएनएसच्या जागी ऑन हा शब्द येतो, बाकी नाव तेच. होय असे उत्तर आले की मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींवर त्या फोनचे डीएनएसचे प्रश्न पुरवठादाराच्या नोंदवहीत जाणे थांबले. ते आता क्वाड नाईनकडे जातात, म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर ठेवलेला आहे, हे लक्षात असू द्यावे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की या दुसऱ्याकडे तुमचे नाव, पत्ता किंवा ओळखपत्र नाही.

एक अडचण हमखास येते. रेल्वे स्टेशनवर किंवा बसस्थानकाजवळच्या सार्वजनिक वायफायवर, जिथे आधी मोबाइल क्रमांक टाकून प्रवेश घ्यावा लागतो, तिथे खाजगी डीएनएस चालू असेल तर ते पान उघडत नाही आणि इंटरनेट बंद पडल्यासारखे दिसते. अशा वेळी पर्याय तात्पुरता आपोआपवर आणावा, प्रवेश झाल्यावर पुन्हा होस्टनेम निवडावे. घरच्या फायबरवर ही जोडणी कायमच अडत असेल तर त्या जाळ्यात खाजगी डीएनएस ज्या वाटेने जाते तो ८५३ क्रमांकाचा पोर्ट बंद असण्याची शक्यता असते. तेव्हा क्रोमच्या गोपनीयता आणि सुरक्षा या भागातला सुरक्षित डीएनएसचा पर्याय वापरावा. तो नेहमीच्या वेब वाहतुकीच्याच वाटेने जातो, त्यामुळे सहसा अडत नाही, पण त्याचा उपयोग त्या ब्राउझरपुरताच असतो.

आयफोनमध्ये यासाठी डीएनएस सेवेचे ॲप किंवा प्रोफाइल (सेटिंग्जची तयार फाइल) बसवावे लागते. विंडोज ११ मध्ये नेटवर्क सेटिंग्जमध्येच सोय आहे. बटणांच्या साध्या ४जी फोनवर आणि बहुतेक टीव्हींवर ती मिळत नाही.

राउटरविषयी एक गैरसमज

इंटरनेटवरच्या बऱ्याच व्हिडिओंत राउटर उघडून त्यात दुसऱ्या डीएनएसचे आकडे भरायला सांगतात. त्याने प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे जातात हे खरे, पण साध्या राउटरमधून ते उघड्या अक्षरांतच जातात, आणि पुरवठादार ते वाटेत वाचू शकतो किंवा स्वतःच्या सर्व्हरकडे वळवूही शकतो. म्हणून आधी प्रत्येक फोनवर वरचे पाऊल उचलावे आणि राउटरकडे नंतर वळावे.

राउटरबाबत दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गावात फायबर बसवणारा माणूस राउटरचा प्रशासकीय पासवर्ड बहुधा स्वतःकडेच ठेवतो. त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. वीज पडून किंवा लाईट गेल्यावर राउटर बिघडला की गावोगाव धावत यावे लागू नये म्हणून तो तसे करतो. तरीही ‘भाऊ, राउटरचा ॲडमिन पासवर्ड आम्हाला लिहून द्या, गरज पडली तर आम्ही सांगू’ असे स्पष्ट आणि गोडीत सांगण्यात काही गैर नाही. त्याच वेळी पावती मागून घ्यावी आणि तीवर परवानाधारक कंपनीचे नाव आहे की नाही हे पाहावे. केबलवाला अनेकदा केवळ स्थानिक प्रतिनिधी असतो. तुमच्या माहितीची कायदेशीर जबाबदारी परवानाधारक कंपनीवर येते, आणि पुढचे पत्र तिलाच लिहायचे आहे.

व्हीपीएन घ्यावे का

व्हीपीएन म्हणजे फोनची सगळी वाहतूक कुलूपबंद करून आधी स्वतःच्या सर्व्हरकडे नेणारी सेवा. ती चालू असताना पुरवठादाराला संकेतस्थळांची नावेही दिसत नाहीत, फक्त व्हीपीएन कंपनीशी जोडणी आहे एवढे दिसते. पण मग ती सगळी नोंद व्हीपीएन कंपनीच्या हातात जाते, आणि फुकट व्हीपीएनच्या बाबतीत हा सौदा फार महाग पडू शकतो. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली आणि तिचे व्हीपीएन ॲप माहिती सुरक्षित ठेवणारे म्हणून लोकांना दिले. प्रत्यक्षात त्यातून गोळा होणारी माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी वापरली जात होती, आणि त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२३ मध्ये २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची ओळख ५ वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे. त्यानंतर काही कंपन्यांनी आपले सर्व्हर देशाबाहेर हलवले. माझे मत स्पष्ट आहे: घरच्या रोजच्या वापरासाठी फुकट व्हीपीएन बसवू नये, आणि आधीच बसवलेले असेल तर ते काढून टाकावे. खाजगी डीएनएस त्याहून सुरक्षित आहे आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

पुरवठादाराचे ॲप

रिचार्जसाठी किंवा बिलासाठी पुरवठादाराचे ॲप फोनमध्ये असते आणि त्याला स्थान, संपर्क, कॉलची नोंद अशा परवानग्या दिलेल्या असतात. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरले की ॲपची माहिती उघडते. तेथून परवानग्यांमध्ये जाऊन या तिन्ही नाकाराव्यात, रिचार्ज त्यांच्याशिवाय होते. ॲपच्या आत प्रोफाइल किंवा गोपनीयता या भागात वैयक्तिक ऑफर, भागीदार कंपन्या अशा शब्दांचे बटण असेल तर ते बंद करावे. मग सेटिंग्जमधील गूगलच्या भागात जाहिराती हा पर्याय उघडून जाहिरात आयडी हटवावा. निरनिराळ्या ॲपनी गोळा केलेली माहिती एकमेकींशी जोडण्याचा धागा हा आयडीच असतो.

संमती लेखी मागे घ्या

एवढे करूनही जोडणीच्या पहिल्या संदेशातले नाव आणि आकडी पत्ते पुरवठादाराला बऱ्याच वेळा दिसत राहतात. ते नाव झाकणारे एनक्रिप्टेड क्लायंट हॅलो नावाचे तंत्र २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आले आहे, पण संकेतस्थळानेही ते स्वीकारलेले असावे लागते. उरलेल्या भागासाठी कायद्याचाच आधार घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने आणि ग्राहकांचे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. या कायद्यातल्या तीन तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. आणि १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे.

पत्र आताच पाठवून ठेवावे, म्हणजे पुढे तक्रार करावी लागली तर तारखेचा पुरावा हाती राहतो. ईमेलने किंवा पोहोच देणाऱ्या टपालाने पाठवता येईल असा मजकूर असा:

‘मी आपला ग्राहक आहे. माझ्या जोडणीवरून उघडल्या जाणाऱ्या संकेतस्थळांची आणि ॲपची माहिती जाहिरातींसाठी वापरण्यास, त्यावरून माझी वर्गवारी करण्यास किंवा ती अन्य कंपन्यांना देण्यास माझी संमती नाही. अशी संमती पूर्वी कोणत्याही अर्जातून किंवा ॲपमधून घेतली गेली असल्यास ती मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. शासकीय परवान्याच्या अटींनुसार ठेवाव्या लागणाऱ्या नोंदींविषयी ही मागणी नाही. माझी कोणती माहिती आपल्याकडे आहे, ती कोणत्या कामासाठी वापरली जाते आणि कोणाकोणाला दिली गेली आहे, हे मला मराठीत लेखी कळवावे.’

खाली नाव, ग्राहक क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक आणि तारीख घालावी. परवान्याच्या नोंदींचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. दूरसंचार परवान्याप्रमाणे कंपन्यांना काही नोंदी दोन वर्षे ठेवाव्याच लागतात, आणि ते वाक्य नसेल तर तेच कारण पुढे करून सगळे पत्रच बाजूला टाकले जाते. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक मागून घ्यावा. मुदतीत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ग्राहक म्हणून सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्यांना ईमेल जमत नाही त्यांना गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रावरून हे पत्र पाठवता येईल. मात्र पाठवल्यावर त्या संगणकावरचे आपले ईमेल खाते बंद केले आहे याची तिथेच खात्री करावी.

फोन दुरुस्तीला दिला, फॅक्टरी रीसेट केला किंवा नवा घेतला की खाजगी डीएनएस पुन्हा आपोआपवर येऊ शकते. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे किंवा तिच्याकडे सोपवावे, आणि पहिला फोन आजी-आजोबांचा घ्यावा, कारण खोट्या लिंकवर बोट पडण्याची शक्यता त्यांच्याच फोनवर सर्वांत जास्त असते.